हिरावाडी ते अशोक स्तंभ: बिनगिअरची लेडीज सायकल, आठ महिन्यांनंतर

दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "मुलीसाठी का?" मी ५२ वर्षांची, साडी नेसून ऑफिसला जाणारी बाई. माझ्यासाठीच म्हटल्यावर त्याने २१ गिअरची, मडगार्डही नसलेली सायकल पुढे ओढली. "व्यायामाला हीच बरी, मॅडम." अहो, व्यायाम कुणाला करायचाय, मला कामावर जायचंय! शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली २६ इंची लेडीज काढायला लावली. खाली वाकलेला दांडा, पूर्ण चेनकव्हर, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, पुढे बास्केट, मागे कॅरिअर. साडेसहा हजार.

नाशकात सायकलवाले कमी नाहीत. २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार सायकलशर्यत पुरी करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन इथलेच. पहाटे गंगापूर रोडला हेल्मेटवाल्यांचे घोळके असतात. पण सकाळी दहाला रविवार कारंजावर हँडलला डबा लावून चाललेली बहुधा मी एकटीच.

रस्ता चारेक किलोमीटरचा. निमाणी, पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँडचा उतार, होळकर पूल. इथवर सायकल आपली आपण जाते. पूल ओलांडला की रविवार कारंजाचा चढ. पहिले पंधरा दिवस मी तिथे उतरून, सायकल हातात धरून चालले. मागून रिक्षांचे हॉर्न.

घराजवळच्या पंक्चरवाल्या काकांकडे हवा भरताना रडगाणं गायले. त्यांनी चेनकव्हर खोललं आणि अंगठ्याच्या नखाने दाते मोजले. पुढे ४४, मागे १८. "ताई, एका पायडलला चाक अडीच फेरे घेतंय. सपाटीला ठीक, चढाला जड जाणारच." त्यांनी मागचं १८ दात्यांचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील, काढून २० चं बसवलं, चाक खाचेत जरासं पुढे घेऊन चेनचा ताण जमवला. मजुरीसकट अडीचशे रुपये. दुसऱ्या दिवशी चढ बसल्या बसल्या पार! उतारावर आता पाय रिकामेच फिरतात, पण मालेगाव स्टँडच्या उताराला पायडल मारायला सांगितलंय कुणी?

खोडी आहेत. पुढचं मडगार्ड आखूड, त्यामुळे पहिल्याच पावसात निऱ्यांवर चिखलाची नक्षी. काकांनी जुन्या टायरचा तुकडा कापून खाली लावला, तेव्हा थांबली. घंटी महिन्यात गंजली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिंग ओली झाली की ब्रेक धरत नाहीत. पावसात मी उतार सुरू व्हायच्या आधीपासूनच ब्रेक हलके दाबत येते, म्हणजे रिंगवरचं पाणी पुसलं जातं.

वेळ वीस मिनिटं. स्कूटरला पंधरा लागायची, वर जागा शोधायला दहा. कधी सीबीएसकडे, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडे, काम निघालं तर अशोक स्तंभापासून त्र्यंबक नाक्यापर्यंतचा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड लागतो. तिथे सायकलला वेगळी पट्टी आहे म्हणे. मी जाते तेव्हा तिच्यावर दुचाक्या उभ्या असतात, मी आपली रस्त्यावरून.

पहिल्या दिवशी ऑफिसच्या वॉचमनने काळजीने विचारलं होतं, "मॅडम, गाडी बंद पडली का?" गेल्या आठवड्यात हळूच म्हणाला, "केवढ्याला पडली? घरच्यांसाठी बघतोय." म्हटलं, साडेसहा हजार आणि वर अडीचशे. पण ते अडीचशे पहिल्या दिवशीच घाल, पंधरा दिवस चालत बसू नकोस.