गूगल बाजूला ठेवून कापसाचा हंगाम काढला

अमळनेरला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म, लाडक्या बहिणीची केवायसी, झेरॉक्स, फोटो. दिवसभर काहीतरी शोधूनच द्यायचं असतं. 2025 च्या पावसाळ्यात दुकानाच्या कॉम्प्युटरवर गूगल काढून एक नवं सर्च इंजिन डिफॉल्ट केलं, म्हणजे आपोआप तेच उघडेल असं ठेवलं, आणि पुढचा सगळा हंगाम त्यावरच काढला. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की निम्मे लोक विचारतात, कंपनीने किती दिले? आणि उरलेले त्या कंपनीची वकिली करतात. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, निकाल थोडे स्वतःचे आणि थोडे दुसऱ्याकडून घेतलेले, आणि सगळ्यात वर एआयने लिहिलेला चार ओळींचा सारांश येतो. एवढ्यावर ज्याला ओळखायचं त्याने ओळखावं.

कागदपत्रांच्या कामाला चांगलं आहे. गावातल्या कामाला कच्चं आहे. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आधी चांगलं सांगतो. माझ्या धंद्यात अडचण माहिती न मिळण्याची नसते. एका सरकारी पानाच्या मागेपुढे नकली नावाची दहा पानं उभी असतात, ती खरी अडचण. 2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या साइटपासून सावध राहा असे इशारे आले होते. त्या गर्दीच्या दिवसांत या इंजिनवर सरकारी पत्ता बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन ओळींत सापडायचा आणि वर जाहिराती तुरळक असायच्या. तरीही मी शब्दांपुढे साइट, कोलन आणि जीओव्ही डॉट इन (site:gov.in) टाकूनच शोधतो, म्हणजे फक्त सरकारी पानं येतात. ही युक्ती गूगललाही चालते. पण दुकानातल्या पोराला ती शिकवायला मला कित्येक महिने लागले, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसरा फायदा मी धरलाच नव्हता. माझा कॉम्प्युटर म्हणजे अख्ख्या तालुक्याचा कॉम्प्युटर. सकाळी एखादा मूळव्याधीचं औषध बघून जायचा आणि दुपारी एखादी ताई मुलीचं हॉल तिकीट काढायला बसली की बाजूच्या पट्टीत मूळव्याधीच्याच जाहिराती लागायच्या. मी गप्प, ताई गप्प. नवं इंजिन आत्ता टाकलेल्या शब्दावर जाहिरात लावतं, मागच्या गिऱ्हाइकाचं काही धरून ठेवत नाही. तो प्रकार आता फारसा होत नाही. याचा अर्थ तुम्ही अदृश्य झालात असा घेऊ नका. ज्या साइटवर जाता तिला आणि इंटरनेट देणाऱ्याला तुम्ही दिसताच.

आता सारांशाचं. कापूस निघायला लागला तशी हमीभावाची विचारणा सुरू झाली. शिवाय सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर त्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी, म्हणून दुकानात सातबारे आणि आधार कार्डं घेऊन माणसं बसलेली. एक आप्पा म्हणाले, “भाऊ, भाव बरोबर सांग, व्यापारी काहीबी सांगतो.” मी शोधलं. सारांशात ठळक अक्षरात आलं 7,521 रुपये. मला आकडा खटकला, म्हणून त्याखालच्या दुव्यावर गेलो तर बातमी आदल्या वर्षाची! 7,521 हा 2024-25 चा लांब धाग्याचा भाव. 2025-26 चा लांब धाग्याला 8,110 आणि मध्यम धाग्याला 7,710. क्विंटलमागे जवळजवळ सहाशेचा फरक, आणि तो अशा ठिकाणी की जिथे माणूस त्या आकड्यावर गाडी भरायची की नाही ते ठरवतो.

दुवा खाली दिलेला होता म्हणून चूक पकडता आली, हे त्याच्या बाजूने बोलायला हवं. पण दुवा उघडून बघणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. तेव्हापासून भाव, शेवटची तारीख आणि फी या तीन गोष्टी सारांशातून कोणाला वाचून दाखवत नाही.

कच्चेपणा दिसतो तो गावाच्या बाबतीत. धुळ्यात रविवारी उघडा असणारा हाडाचा डॉक्टर, पारोळा रोडवर मोटर रिवाइंडिंगवाला, चोपड्याला जाताना पुलाचं काम चालू आहे का. अशा प्रश्नांना नव्या इंजिनकडे एक तर मौन, नाही तर पुण्याचा पत्ता. गूगल इथे फार पुढे आहे. दुकानदाराने स्वतः वेळ टाकलेली असते, कोणीतरी पाटीचा फोटो काढून चढवलेला असतो, रस्त्यावरच्या फोनांवरून गर्दी कळते. ही माहिती कोणत्याही वेबपानावर लिहिलेलीच नाही, लोकांनी वर्षानुवर्षं एकाच घरात नेऊन भरली. नव्या माणसाने कितीही चांगलं इंजिन बांधलं तरी ते धान्य त्याच्या कोठीत कुठून येणार? आणि व्हिडिओचं तर विचारूच नका. अहिराणी गाणं लावून द्या म्हटलं की शेवटी यूट्यूबवरच जायचं, आणि यूट्यूब 2006 पासून गूगलचंच आहे.

मराठीची तऱ्हाही सांगतो. देवनागरीत नीट टाइप केलं तर निकाल बरे. पण आमची निम्मी गिऱ्हाइकं मराठी इंग्रजी अक्षरांत टाकतात, तिथे नवं इंजिन लगेच हिंदीकडे पळतं. गूगलला तो घोळ बराच उमगतो. अहिराणी मात्र कोणाच्याच माइकला कळत नाही. एक आक्का फोनला तोंडाशी धरून “मना हप्ता काबर उना नही” (माझा हप्ता का आला नाही) असं चांगलं खणखणीत विचारत होत्या. फोनने जे लिहिलं ते वाचून त्याच हसल्या, आणि शेवटी मीच टाइप करून दिलं.

मग लोक बदलत का नाहीत? माझं मत असं की इथे गुणवत्तेचा प्रश्न नंतर येतो. फोनच्या पहिल्या पानावर जी पट्टी असते तिच्यावर बोट जातं, बस. अमेरिकेतल्या न्यायालयात हेच निघालं. न्यायाधीश अमित मेहता यांनी 2024 च्या ऑगस्टमध्ये गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली, आणि डिफॉल्टच्या जागेसाठी गूगलने 2021 या एका वर्षात 26 अब्ज डॉलरच्या वर रक्कम मोजली होती हेही त्या खटल्यात उघड झालं. एवढा पैसा उगाच कोणी ओतत नाही. 2025 च्या सप्टेंबरच्या निकालात न्यायालयाने गूगलला त्याचा क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, पण जागा फक्त आपल्यालाच मिळावी असे करार बंद केले आणि शोधाचा काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितला.

आपल्याकडेही सीसीआयने दणका दिला होता. कापसाची नव्हे, दिल्लीतली दुसरी सीसीआय, म्हणजे स्पर्धा आयोग. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटींचा दंड लावला. त्यानंतर 2023 च्या जानेवारीत गूगलने जाहीर केलं की भारतात नवा फोन चालू करताना सर्च इंजिन निवडायला पर्याय दाखवू. दुकानात नवे फोन मी रोज चालू करून देतो. तो पर्याय आला तरी माणूस वाचत नाही, “तू टाक भाऊ काहीबी” म्हणतो.

नीवाचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. गूगलच्या जाहिरात विभागाचे एकेकाळचे प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी काढलेलं, बिनजाहिरातीचं इंजिन. 2023 मध्ये बंद झालं. जाताना त्यांनी सांगितलं ते असं की, लोकांकडून पैसे घेणं त्यामानाने सोपं होतं, नवं इंजिन एकदा वापरून बघायला लावणं जास्त अवघड गेलं. छोट्यांपुढे आणखी एक भीती असते. निकाल उसने घेतले तर देणारा कधीही हात आखडतो. मायक्रोसॉफ्टने 2025 च्या ऑगस्टमध्ये बिंग या आपल्या सर्च इंजिनचे निकाल इतरांना पुरवणारी जुनी सर्च सेवा बंद केली, तेव्हा बऱ्याच जणांची पळापळ झाली. माझ्या इंजिनचे निकाल काही दिवस हलल्यासारखे वाटले. कारण तेच की दुसरं, ते मी सांगू शकत नाही.

सध्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर नवं इंजिन ठेवलंय आणि काढायचा विचार नाही. खिशातल्या फोनवर गूगल, कारण नकाशा आणि दुकानांच्या वेळा लागतात. तुमचं काम फॉर्म, जीआर आणि अर्ज यांचं असेल तर घ्या. दिवसभर गावात फिरायचं काम असेल तर चिडाल.

आणि हो, 2021 मध्ये युरोपच्या न्यायालयात गूगलच्या वकिलाने सांगितलं होतं की बिंगवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द ‘गूगल’ आहे. तेव्हा मला ती वकिली चलाखी वाटली. आता दुकानातला पोरगा रोज सकाळी नव्या इंजिनच्या चौकटीत ‘गूगल’ टाइप करतो, पहिल्या निकालावर क्लिक करतो आणि तिथे जाऊन सातबारा शोधतो. रांग असली की मी काही बोलत नाही.