मोठं ब्रेक किट की नुसते पॅड-ऑइल?

ट्रॅकवर स्टॉक (म्हणजे कंपनीचेच) ब्रेक कमी पडायला लागले की लोक दोनच सल्ले देतात, एकतर मोठ्या डिस्क आणि चार-सहा पिस्टनवाले कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असं अख्खं किट टाक, नाहीतर कॅलिपर आहेत तेच ठेव आणि पॅड, ब्रेक ऑइल, स्टीलच्या जाळीचे होज (ऑइलच्या नळ्या) एवढंच बदल. माझी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने किट बसवलेलंच होतं, नंतर ते काढून मी स्टॉक कॅलिपरवर आलो, त्यामुळे एकाच गाडीवर दोन्ही वापरून झालंय.

गाडी कमी अंतरात थांबावी म्हणून किट घेत असाल तर जरा थांबा. पेडल जोरात दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागतंय ना, मग ब्रेकचा जोर टायरच्या ग्रिपपेक्षा आधीच जास्त आहे, पैसे टायरवर घाला. किटचा खरा फायदा उष्णतेचा. 100 ऐवजी 140 च्या स्पीडवरून गाडी थांबवली तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता झेलावी लागते, आणि ट्रॅकवर हे लॅपमागून लॅप चालूच असतं, तिथे जाड आणि जड डिस्क नक्कीच जास्त वेळ टिकते. पेडलचा फीलही किटचा मस्त होता, खोटं का बोला.

पण आपले ब्रेक नेमके कुठे मार खातात ते आधी बघा. पेडल कडक लागतंय तरी गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. दोन्हींचा इलाज किटशिवाय होतो. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा बॉइलिंग पॉइंट नवीन असताना किमान 230 डिग्री, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग हाच आकडा 155 पर्यंत येऊ शकतो, म्हणजे जुन्या ऑइलवर महागडं किटसुद्धा हात टेकणार. डॉट 5.1 ला हेच आकडे 260 आणि 180. (नुसतं डॉट 5 वेगळं, ते सिलिकॉनचं, चुकूनही ओतू नका.)

आता मला किट का नको झालं ते सांगतो. परफॉर्मन्सचा काही संबंध नाही, कारण आहे स्टेपनी. पुढचा टायर पंक्चर झाला, स्टेपनी लावायला गेलो तर रिमची आतली कड कॅलिपरवरच अडकली, चाक हबपर्यंत पोचेचना. मग काय, मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा, स्टेपनी मागे लावा, म्हणजे जॅक दोनदा, नट दोनदा, तेही रस्त्याच्या कडेला अंधारात. अलॉयलासुद्धा जागा इतकी कमी की बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतून जरा पुढेमागे चिकटवली की कॅलिपरला घासून खर्र खर्र आवाज, आणि टायरवाल्याला दरवेळी हे समजावत बसायचं. रोज हीच गाडी घेऊन फिरणाऱ्याला हे फार होतं बुवा.

पॅडवाल्या मार्गातही कटकट आहेच. सकाळी गार असताना सिग्नलला थांबताना किंचाळतात, अलॉय काळे होतात, आणि पक्का रेसचा पॅड घेतला तर गार असताना तो नीट पकडतच नाही, रस्त्यावर ते धोक्याचं, त्यामुळे मी रोड आणि ट्रॅक दोन्हीला चालणारा मधला पॅड घेतला. नवीन पॅड नीट बेड करा (म्हणजे सुरुवातीला ठरल्या पद्धतीने ब्रेक मारून पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसवा), आणि तापलेल्या ब्रेकवर उभं राहून पेडल दाबून धरू नका, पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटला की स्टीअरिंग थरथरतं आणि आपण म्हणतो डिस्क वाकली.

गाडी जड असेल, पॉवर भरपूर असेल आणि लांब सेशन मारत असाल तर कदाचित किटच बरं, माझ्यासारख्या हलक्या गाडीला आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्याला पॅड, ऑइल, होज एवढ्यात भागतं असं मला तरी वाटतं. किट घेतलंच तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं घ्या, नुसते पुढे मोठे पिस्टन टाकले की पेडल जास्त खाली जातं आणि ब्रेकिंगमध्ये मागच्या ब्रेकचा वाटा कमी होतो. बरेच किटवाले चाकात कॅलिपर बसेल का ते तपासायचं टेम्प्लेट (कागदी साचा) देतात, ते पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, चाक काढून आतून गोल फिरवून बघा, आणि अलॉयचं झालं की स्टेपनीतही फिरवा.