साइट गुंडाळायचीय? गिटहब पेजेस बघा

गिटहब ही कोड ठेवायची साइट, आणि तिथे ठेवलेल्या फाइलींची वेबसाइट करून देणारी तिची सोय म्हणजे गिटहब पेजेस. सहा वर्षं वापरून लिहितोय. माझा एक साइड प्रोजेक्ट होता, जेक्वेरी मोबाइल (फोनसाठी वेबसाइट बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) मराठीतून शिकवायचा. २०१३ ला नाशिकला नोकरी करता करता शनिवार-रविवारी सुरू केला, एकूण ४१ धडे झाले. तेव्हा ते जाम भारी वाटायचं राव, एचटीएमएलमधल्या डिव्हला डेटा-रोल पेज लावलं की फोनवर ॲपसारखं पान सरकायचं. नंतर मीडिया क्वेरी, फ्लेक्सबॉक्स (स्क्रीनप्रमाणे पान मांडायच्या सीएसएसच्याच सोयी) सगळ्यांनाच जमायला लागलं आणि ऑक्टोबर २०२१ ला जेक्वेरीवाल्यांनीच जाहीर करून टाकलं की जेक्वेरी मोबाइल डेप्रिकेटेड, म्हणजे आता नव्याने वापरू नका. टॅपला ३०० मिलिसेकंद उशीर का होतो यावर मी अख्खे दोन धडे खर्ची घातलेले, क्रोमने २०१४ लाच व्ह्यूपोर्ट (पान फोनच्या रुंदीला बसवायचा टॅग) नीट लावलेल्या पानांवरून तो उशीर काढून टाकला, माझे धडे आपले तिथेच. आज एखाद्या पोराने ते वाचून नव्या कामात व्हीक्लिक (तो उशीर टाळायची जेक्वेरी मोबाइलची सोय) घातलं तर पाप माझ्या माथी.

पण डिलीट करवेना. आधी साइट पैसे भरून एका होस्टिंगवर होती (नाव नको), पहिल्या वर्षी स्वस्त आणि रिन्यूअलला डोळे पांढरे, तो प्रकार. म्हणून सगळं जेकिलमध्ये (साध्या फाइलींतून तयार पानं बनवणारं टूल) स्टॅटिक करून गिटहब पेजेसवर आणून टाकलं.

फुकट आहे, एचटीटीपीएस पण फुकट. साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबी बँडविड्थ, माझं सगळं मिळून ३० एमबी पण नाही. पीएचपी चालत नाही, डेटाबेस नाही, त्यामुळे माझी क्विझ गेली (कोणी सोडवत नव्हतं तसंही). फुकटच्या अकाउंटला रेपो (प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांचा इतिहास जिथे असतो तो) पब्लिक ठेवावा लागतो, म्हणजे "आता तरी चाल बाबा" असले माझे जुने कमिट मेसेज (प्रत्येक बदलासोबत लिहिलेली ओळ) जगाला दिसतात. .एचटीॲक्सेस (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) नाही, सर्व्हरवरून खरा ३०१ (पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलंय हा निरोप) देता येत नाही, जेकिलचं रीडायरेक्टचं प्लगिन आहे पण ते मेटा रिफ्रेशवर, म्हणजे पानातल्याच एका टॅगने पुढे ढकलण्यावर भागवतं. आणि ऑनलाइन धंदा चालवायला हे नाहीच, त्यांच्या नियमातच बसत नाही.

आता आवरताना कामाची गोष्ट. स्वतःचं डोमेन जोडलेलं असेल तर गिटहब.आयओचा (गिटहबनेच दिलेला) पत्ता उघडणाऱ्यालाही ते डोमेनवरच पाठवतं. म्हणजे डोमेन रिन्यू करायचं नाही ठरवलंत आणि सेटिंगमधून काढायला विसरलात तर दोन्ही पत्ते गेले, साइट जागेवर असून कोणाला दिसणार नाही. आधी डोमेन काढा, मग रेपो आर्काइव्ह करा. आर्काइव्ह केलं की रेपो फक्त वाचायला उरतो, नवीन इश्यू (तक्रार) नाही, पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याने सुचवलेला बदल) नाही, "सर डेमो चालत नाही" नाही, पानं मात्र दिसत राहतात. मी शहाण्याने आधी आर्काइव्ह केलं आणि मग आठवलं की "हे जुनं आहे, नवीन कामात वापरू नका" ही पट्टी टाकायची राहिलीय, मग परत उघडा, लेआउटच्या फाइलमध्ये एक ओळ टाका, ४१ पानांवर एकदम आली, परत बंद करा. पट्टीत एमडीएनची (वेब शिकायची मोझिलाची साइट) लिंक पण दिलीय, शिकायचंय त्याने तिकडे जावं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या ३०१ चा कापला.