रू की मिंट? ‘थ्रेड्स ऑफ फेट’ कुणापासून सुरू करावा

स्क्वेअर कंपनीचा ‘थ्रेड्स ऑफ फेट’ हा व्हिडिओ गेम जपानमध्ये १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला आणि त्याच कंपनीच्या ‘फायनल फँटसी’च्या सावलीत राहून गेला. फार वाईट वाटतं. पात्रं गोंडस, पण मारामारी खरीखुरी. सुरुवातीलाच निवड करायची: रू की मिंट?

रूला त्याला आसरा देणाऱ्या, आता हयात नसलेल्या क्लेअरला पुन्हा जिवंत करायचंय. लोळवलेल्या राक्षसाचं रूप तो घेऊ शकतो. कुठल्या अडथळ्याला कुठलं रूप चालेल, हे शोधण्यातच त्याच्या खेळाची खरी मजा आहे. कथा हळवी आहे.

मिंट राजकन्या. गादीचा वारसा धाकट्या बहिणीकडे, मायाकडे गेलाय, म्हणून हिला आता अख्खं जगच जिंकायचंय! जादूचा रंग आणि परिणाम यांच्या जोड्या लावून ती लढते. संवाद इतके फटकळ की हसू आवरत नाही. नुसती धमाल हवी असेल तर मिंटच.

मी मात्र आधी रूच घ्या म्हणेन. दोघंही एकाच प्राचीन शक्तीच्या शोधात कॅरोना गावात येतात. रूचं दुःख ठाऊक असलं की मिंटच्या बाजूने तेच प्रसंग निराळे वाटतात. शिवाय दोन्ही कथा संपवल्यावर एक जादा दृश्य मिळतं.