नववीच्या गणिताला स्क्रॅच की पायथन?

गणिताच्या तासाला प्रोग्रॅमिंग आणायचं ठरलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले: एक स्क्रॅचचा, जिथे तयार ठोकळे जोडून प्रोग्रॅम होतो; दुसरा पायथनचा, जिथे तो ओळीओळीने टाइप करावा लागतो. दोन वर्षं मी दोन्ही वापरली. पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, लॅबमध्ये बारा जुनी मशीन्स, एका मशीनवर दोन-तीन मुलं. हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

पाचवी-सहावीला स्क्रॅचच. त्यावर वाद नकोच. ठोकळे जोडले की पडद्यावरचं मांजर चालतं, टायपिंगची कटकट नाही.

पेच आहे तो आठवी-नववीचा. स्क्रॅचमध्ये ० अंश म्हणजे सरळ वर, ९० म्हणजे उजवीकडे, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतो. होकायंत्रासारखं. फळ्यावर मात्र आपण काटकोन त्रिकोणाचा पाया एक्स-अक्षावर ठेवतो आणि कोन तिथून वर मोजतो. नववीतल्या एका मुलीने वहीत १०० गुणिले कॉस ३०, १०० गुणिले साईन ३० असं करून बिंदू काढला: ८६.६ आणि ५०. मग मांजराला मध्यातून ३० अंशांवर १०० पावलं पाठवलं. मांजर ५०, ८६.६ वर. "सर, माझं उलटं आलं." तिचं काहीच चुकलं नव्हतं. "९० मधून वजा कर," असं मी सांगितलं खरं, पण मग प्रत्येक तासाला तेच सांगत बसलो. साईन-कॉस नुकतं शिकणाऱ्या मुलांसमोर ही रोजची माफी मला जड गेली.

पायथनमधलं टर्टल, म्हणजे पडद्यावर रेघ काढत फिरणारं कासव, उजवीकडे तोंड करून उभं असतं आणि डावीकडे वळलं की कोन वाढतो. ३० अंश डावीकडे, १०० पुढे, जागा विचारली की (८६.६०, ५०.००). वहीतलंच उत्तर.

पायथनही अगदी साळसूद नाही. त्याचं साईन अंश नाही, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतं. नुसतं ३० दिलं की उणे ०.९८८ येतं, आणि अंशांचे रेडियन करून दिले तरी अर्ध्याऐवजी ०.४९९९... असं शेपूट. पण अंश घेणारं छोटं फंक्शन एकदा लिहून दिलं की वर्षभराचं भागतं. इंग्रजीची भीतीही मला वाटते तेवढी खरी नाही; 'बाजू = 100' मधलं 'बाजू' त्याला देवनागरीत चालतं, आकडे तेवढे इंग्रजी लागतात. काही ओळी सुरुवातीला जागा सोडून आत सरकवाव्या लागतात, त्यावरून मात्र पहिले दोन-तीन आठवडे रडारड होते.

आणखी एक. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. पायथनच्या आयडलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या त्याच्या खिडकीत, फाइल सेव्ह केल्याशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही, त्यामुळे थोडंफार काम वाचतं. ऑफलाइन स्क्रॅचमध्ये मुलं सेव्ह करायला विसरतात आणि सगळं जातं.

तुमच्या मुलांचा टायपिंगचा हात अगदीच बसला नसेल, तर आठवीचं पहिलं सत्र स्क्रॅचवर काढायला हरकत नाही. नंतर मात्र पायथन. फक्त पहिल्या फाइलला इंग्रजीत 'turtle' असं नाव देऊ देऊ नका. पायथन खरं टर्टल सोडून तीच फाइल उघडतो, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात अख्खा तास जातो. आमचा गेला.