ब्रूडरला ऑटोमॅटिक हीटिंग आणि तापमानाची नोंद: हिवाळाभर वापरून

निफाड भागात थंडीत पारा एक आकड्यावर येतो. ब्रूडिंग, म्हणजे नव्या पिल्लांना ऊब देऊन वाढवणं, नेमकं तेव्हाच आलं की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा. दिवाळीनंतर आमच्या गावरान कोंबड्यांच्या शेडवर ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर), डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि सॉलिड स्टेट रिले (बल्ब चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असा सेट जोडला. हिवाळा त्यावरच काढला.

पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. हे गणित सगळ्यांना पाठ असतं. ते मोजायचं कुठे, इथेच गोची आहे. २५० वॅटच्या बल्बखाली सेन्सर टांगला की तो बल्बची धग मोजतो, पिल्लाला लागणारी हवा नाही. आमचा सेन्सर बल्बच्या झोतापासून बाजूला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर बांधलाय. तरी आकड्यापेक्षा पिल्लांवर जास्त भरवसा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, चिकगार्डला (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाला) चिकटून चोच उघडी टाकली तर उकाडा, सगळी एकाच कोपऱ्यात तर कुठून तरी वारा शिरतोय.

सगळे बल्ब कंट्रोलरवर टाकू नका. बल्ब बंद झाले की अंधार होतो आणि पिल्लं एकमेकांवर चढतात. आम्ही निम्मे डायरेक्ट ठेवलेत, निम्मे रिलेवर, आणि उजेडाला एक छोटा एलईडी वेगळा. चालू-बंदमध्ये एका अंशाचा फरक ठेवला, म्हणजे बल्ब सारखे लुकलुकत नाहीत.

आता प्रोग्रामचं. सेन्सरची वायर तुटली की नेहमीच्या लायब्ररीतून (सेन्सर वाचायच्या तयार कोडमधून) उणे १२७ आकडा येतो. कंट्रोलर म्हणतो, केवढी थंडी! आणि हीटर चालूच ठेवतो. लाइट जाऊन आली की कधीकधी पहिलं रीडिंग ८५ येतं, तेही खोटं. हे दोन्ही आकडे गाळायचे आणि वायर तुटली असेल तर भोंगा वाजवायचा, एवढं तरी लिहून घ्याच. सॉलिड स्टेट रिले खराब होतो तो बहुतेकदा शॉर्ट होऊन, म्हणजे हीटर बंदच होत नाही. म्हणून सिरीजमध्ये एक साधा थर्मोस्टॅट ३८ अंशांवर लावून ठेवलाय. त्याचा बोर्डाशी काही संबंध नाही.

खरा फायदा मात्र नोंदींचा झाला. बोर्डाला पॉवर बँक आहे, त्यामुळे लाइट गेली तरी मेमरी कार्डवर आकडे पडत राहतात. पहाटे चार ते सहा तापमान रोज खाली बसायचं, बल्ब सगळे चालू असूनही. कारण उत्तरेच्या पडद्याखालची फट निघाली. पोतं शिवून लावलं, आलेख सरळ झाला. बल्ब वाढवून ते जमलं नसतं, वर बिल वाढलं असतं ते वेगळंच.

वायफायवरून मोबाइलला मेसेज यायची सोय केली होती. शेतात रेंजची बोंब, त्यामुळे त्याचा उपयोग जवळपास शून्य. भोंगाच बरा.

शे-दोनशे पिल्लांची एखादीच बॅच घेणाऱ्याने या बोर्डाच्या नादी लागू नये. तयार डिजिटल थर्मोस्टॅट घ्यावा आणि उरलेले पैसे पडद्यांवर घालावेत.