सीलबंद खोक्यातला नकली मॅजिक माऊस

ॲपलचा मॅजिक माऊस ऑनलाइन, तोही एखाद्या तिऱ्हाईत विक्रेत्याकडून ‘सीलबंद, न वापरलेला’ म्हणून घेणार असाल, तर आधी हे वाचा. किंमत फार कमी असती तर मला तिथेच संशय आला असता. ती मूळ किमतीच्या जरा खाली, संशय येणार नाही इतपतच ठेवली होती.

खोकं अगदी अस्सल वाटावं असं. खालचा हिरवा स्विच, मॉडेल नंबर ए१६५७, सगळं जागच्या जागी. चार्जिंगचं पोर्ट माऊसच्या पोटाखाली असल्यामुळे चार्ज होताना तो वापरता येत नाही, याची २०१५ पासून जग टिंगल करतंय; नकल करणाऱ्यांनी तेसुद्धा इमानाने उतरवलं होतं. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटीही दिसली.

गोम वापरताना कळली. पॉइंटर फिरत होता, क्लिक होत होतं. पण वर-खाली स्क्रोल फक्त मधल्या पट्टीवर, तेही अडखळत. आडवं स्क्रोल नाही. बोट आडवं सरकवून ब्राउझरमधलं मागचं पान यायला हवं, तेही नाही. खऱ्या मॅजिक माऊसचा वरचा सगळा भागच स्पर्श ओळखतो. त्याला डावं-उजवं अशी वेगळी बटणं नसतात. दाबलं जातं ते अख्खं कवच, आणि बोट कुठल्या बाजूला आहे यावरून उजवं क्लिक ठरतं. म्हणून डावं बोट टेकलेलं असेल तर खऱ्यात उजवं क्लिक बरेचदा चुकतं. माझ्याकडच्या माऊसमध्ये दोन्ही बोटं टेकवूनही ते बिनचूक व्हायचं! खऱ्याची खोडच नकलीत नव्हती, कारण आत साधी दोन बटणं होती.

मग सेटिंग्ज उघडली. खरा माऊस जोडलेला असला की तिथे ‘पॉइंट अँड क्लिक’ आणि ‘मोअर जेस्चर्स’ (जेस्चर्स म्हणजे बोटं सरकवून द्यायच्या खुणा) हे भाग दिसतात, शिवाय बॅटरीची टक्केवारी. इथे साध्या माऊसचे वेगाचे पर्याय तेवढे होते. ब्लूटूथच्या यादीत नाव मात्र ‘मॅजिक माऊस’च. नाव काय, काहीही देता येतं.

विक्रेता बोलायला गोड. आधी म्हणाला, रात्रभर चार्ज करून बघा. (कंपनीच्याच सांगण्यानुसार 2 मिनिटांच्या चार्जिंगवर हा माऊस 9 तास चालतो, आणि बॅटरीचा जेस्चर्सशी संबंधच काय?) मग मॅक अपडेट करा, मग माऊस काढून पुन्हा जोडा. प्रत्येक उत्तर सावकाश यायचं. परत करायची मुदत संपली आणि सूर पालटला: ‘आम्ही अस्सलच पाठवला होता, तुम्हीच बदलला असेल.’ हा सगळा वेळकाढूपणा त्या मुदतीसाठी होता.

मग ज्या खरेदीच्या साइटवरून माऊस घेतला, तिथे तक्रार केली. त्या लोकांनी सिरीयल नंबर तपासला, तो वैध निघाला, तक्रार बंद. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. नकली मालावर कुठल्यातरी खऱ्या माऊसचा नंबर छापता येतो, त्यामुळे नंबर जुळला याचा अर्थ वस्तू अस्सल असा होत नाही. खोकं उघडल्यापासून ते सेटिंग्जच्या पानापर्यंत सलग व्हिडिओ काढून ठेवा, आणि जेस्चर्स चालत नसतील तर विक्रेत्याशी चर्चा न करता त्याच दिवशी परतीचा अर्ज टाका. अजून एक: ऑक्टोबर 2024 पासून नव्या मॅजिक माऊसला यूएसबी-सी पोर्ट आहे. ‘लेटेस्ट’ म्हणून लायटनिंग पोर्टवाला (ॲपलच्या आधीच्या पोर्टचा) कोणी गळ्यात मारत असेल, तर तिथेच थांबा.

माझ्या कार्डाच्या बँकेकडे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि विक्रेत्याशी झालेलं सगळं बोलणं पाठवलंय, निकाल यायचाय. विक्रेत्याच्या जाहिरातीतले तेच फोटो आता दुसऱ्या दुकानाच्या नावाखाली लागलेत. तिथे मी ‘जेस्चर्सच्या सेटिंगचा फोटो टाका’ असं विचारलं, तर प्रश्नच उडवला.